खिडकीतला शिपाई

ग्रिम्सबीच्या बंदराजवळच्या चित्रपटगृहात मी दुपारच्या खेळांना पियानो वाजवत असे. मूकपटांचा काळ. पडद्यावर कोणी रडलं की रडका सूर धरायचा, घोडे उधळले की बोटंही उधळायची. माझी नणंद हेस्टर पुढच्या रांगेत बसायची. लहानपणी तापात तिचे कान गेले. पण ओठांवरून ती बोलणं ओळखायची. तिला ते शिकवलं वॉल्टरनं. वॉल्टर तिचा भाऊ, माझा नवरा. महायुद्धात फ्लँडर्सच्या चिखलात तो बेपत्ता झाला, त्याला दहा वर्षं होत आली होती.

पडद्यावरचे नट खरं काय बोलतात ते सांगून हेस्टर घरी हशा पिकवायची. राणीपुढे गुडघे टेकून सरदार काय म्हणत होता, तर "बाई, बुटात खडा गेलाय."

त्या नोव्हेंबरात युद्धातल्या प्रेमाचा एक चित्रपट लागला. नायिका स्टेशनवर निरोप देते, मागे शिपायांनी भरलेली गाडी. पहिल्या खेळानंतर घरी हेस्टरनं चहाला हात लावला नाही. चहा पार निवल्यावर म्हणाली, "शेवटच्या खिडकीत एक शिपाई आहे. तो 'मॉड' म्हणाला."

मॉड माझं नाव. मी म्हटलं, जगात मॉड काय थोड्या आहेत?

दुसऱ्या दिवशी वाजवता वाजवता मी नीट पाहिलं. कोणी अनोळखी, बसक्या नाकाचा. वॉल्टरशी काडीचं साम्य नव्हतं. हेस्टरलाही ते पटलं. चेहरा त्याचा नाहीच, ती म्हणाली, पण ओठ डावीकडे ओढून बोलायची लकब त्याचीच. आणि आज तो वेगळंच बोलला.

"काय?"

"निळा रंग तुला शोभत नाही म्हणाला."

नाताळात मी पर्सी लमलीशी लग्न करणार होते. झग्यासाठी निळं कापड त्या सकाळीच घेतलं होतं. पुडकं पियानोच्या बाकाखाली होतं, दोरीही न सोडलेलं. कोणालाच ठाऊक नव्हतं.

यंत्र चालवणाऱ्या ट्रँटरला मी विचारलं. फीत तीच आहे, तो म्हणाला. दुसरी कुठून येणार?

शनिवारी दुपारी त्या चित्रपटाचा शेवटचा खेळ होता. हेस्टर सर्दीनं घरीच राहिली. स्टेशन आलं, गाडी आली.

शेवटची खिडकी रिकामी होती.

माझी बोटं थांबली. अंधारात नुसती यंत्राची घरघर. ट्रँटरनं शपथ घेतली, फितीला कात्री लावलेली नाही.

घरी पोचले तेव्हा अजून उजेड होता. हेस्टर स्वयंपाकघरात पाव कापत होती. तिच्यासमोर उभी राहून मी सावकाश सांगितलं, "तो गेला. संपलं. लग्न ठरल्याप्रमाणे होईल."

ती माझ्या ओठांकडे बघत नव्हती.

माझ्या खांद्यामागे, थोडं वर, तिची नजर खिळली होती. हातातली सुरी तिनं हळूच खाली ठेवली.

आणि कोणाचं लांबलचक बोलणं लक्ष देऊन ऐकावं, तशी ती मान डोलावत राहिली.