नसरीनच्या आजीचं रीळ

गंगेपलीकडच्या रामनगरहून चौदा रिळं आणायची होती, आणि मला पोहता येत नव्हतं!

ढुंढिराजकाका, माझे सख्खे चुलते, वीस वर्षांपूर्वी टेपरेकॉर्डर घेऊन इराकच्या डोंगरांत हिंडले होते. अरब मेंढपाळांची गाणी, कुर्दी बायकांचे विलाप त्यांनी त्या रिळांवर उतरवून आणले. त्यातल्या एका रिळावर नसरीनची आजी गात होती. नसरीन म्हणजे आमच्या विद्यापीठात शिकायला आलेली कुर्दी मुलगी. आजी वारली, गाव उद्ध्वस्त झालं, फोटोसुद्धा उरला नाही. उरला तो एवढाच आवाज. आणि तो यंत्रासकट रामनगरच्या दुरुस्तीवाल्याकडे अडकला होता. अठ्ठ्याहत्तरच्या पुरात गंगा त्याच्या दुकानात शिरत होती.

सकाळी काका, नसरीन आणि मी ज्या रस्त्यानं गेलो, तो दुपारी पाण्याखाली गेला. परतायला नावेशिवाय मार्ग नव्हता. काशीनाथ नावाचा एकच मल्लाह तयार झाला. रिळांची लोखंडी पेटी मध्ये ठेवून मी रामरक्षा सुरू केली. ती पहिल्याच भोवऱ्यात विसरलो!

नदी कसली, पिवळा चिखल धावत होता. छपरं वाहत होती, फुगलेली म्हैस आमच्या शेजारून गेली. अहिल्याबाई घाटाच्या पायऱ्या दिसेनात, नुसत्या भिंती उभ्या. पुढे राजघाटच्या पुलाच्या खांबांवर पाणी आपटत होतं. त्या खांबांवर गेलो की संपलं!

"श्रीनिवास, पेटी धर!" काका ओरडले.

धाड! वाहतं झाड नावेला धडकलं. फळी फुटली. पाणी घोट्याला लागलं, मग पोटरीला. नाव वळेना.

"पेटी फेंका, गुरुजी! नाव डूबत हौ!" काशीनाथ किंचाळला.

काकांनी पेटीला मिठी मारली. "मी उडी टाकतो, पण पेटी राहू दे!"

नसरीननं त्यांची बोटं एकेक करून सोडवली. "नहीं, चाचाजी," ती म्हणाली आणि पेटी ढकलू लागली. मीही जोर लावला. शौर्य वगैरे काही नाही, मला मरायचं नव्हतं.

पेटी गेली. नाव उचलली गेली! काशीनाथनं वल्हं मारलं, पुन्हा मारलं, आणि ब्रह्मा घाटापाशी एका बुडत्या देवळाच्या कळसाला दोर अडकवला. आम्ही चौघं दोराला धरून पाण्याबाहेर उरलेल्या वरच्या पायऱ्यांवर चढलो.

पेटी गेली त्या पाण्याकडे नसरीन बघत होती. मग काकांनी डोळे मिटले, वेदपाठशाळेतल्यासारखा हात स्वराबरोबर हलवला आणि ते चक्क कुर्दीत गाऊ लागले!

त्यांना कुर्दी ओ की ठो कळत नाही. पण लहानपणी याच घाटावर ते वेद अर्थ न विचारता, अक्षरही न गाळता घोकायला शिकले होते. आजीचं रीळ त्यांनी तसंच पाठ केलं होतं.

"आवाज तिचा नाही गं," ते मध्येच थांबून म्हणाले. पुन्हा गाऊ लागले. एक ओळ एकदम रागीट, तुटक आली.

नसरीननं त्यांचा हात धरला. "ये गाना नहीं है! दादी किसी बच्ची को डाँट रही हैं. तंदूर को हाथ मत लगा, जल जाएगी!"

"मी आजवर ही ओळ गाण्यातलीच समजत होतो," काका ओशाळले.

तिनं ओली बाही वर सारली. मनगटावर भाजल्याचा जुना, पांढरा डाग होता.

"फिर से, चाचाजी," ती हुंदके देत म्हणाली.

काकांनी तेवढीच ओळ पुन्हा म्हटली. तशीच, रागावून.