आजोबांचं नवं पत्र

“‘नको’ इतकं बारीक काढलंस, तर लांबून लोकांना फक्त ‘कोळसा’च दिसेल,” भिंगरी धाकट्या भावाला म्हणाली.

“मग तुझा ‘कोळसा’ जरा आवर की. सगळं कापड त्यानेच खाल्लंय,” मुनी शांतपणे म्हणाला.

आत्याच्या शिवणकामाच्या दुकानात कपडे बेतायच्या मोठ्या टेबलावर फलकाचं कापड पसरलं होतं. शाळेला सुट्टी होती आणि आत्याने घरातल्या सगळ्यांना कामाला जुंपलं होतं. गावाबाहेर कोळशावर चालणारं वीजकेंद्र होतं. तिथे दुसरा संच उभारायचा, म्हणजे आणखी एक धुराडं. शनिवारी नगरपालिकेच्या सभेत त्याचा निर्णय व्हायचा होता.

“तिघं जाऊन पत्रं मोजून या,” आत्या सुईत दोरा ओवत म्हणाली. “बाजूने किती, विरोधात किती. कागद सगळ्यांना बघायला ठेवलेत.”

तिसरी म्हणजे भिंगरीची मैत्रीण दवंडी. तिच्या कानावर पडलेली गोष्ट पाच मिनिटांत गावभर व्हायची, म्हणून हे नाव.

नगरपालिकेतल्या कारकुनाने मान वर न करता दोन फायली पुढे सरकवल्या. विरोधाची फाईल बारीक होती, चौसष्ट पत्रांची. बाजूची मात्र दोन्ही हातांनी उचलावी लागली. तीनशे बारा पत्रं!

“झालं. आपण हरलो,” दवंडी म्हणाली.

मुनीने मोजणी सोडून पत्रं वाचायला घेतली होती. अचानक तो थांबला. 

“ताई, हे बघ.”

‘मी एक वृद्ध नागरिक असून दुसऱ्या संचामुळे माझ्या नातवंडांचे भवितव्य उजळेल,’ असं त्या पत्रात लिहिलं होतं. खाली सही आणि मागच्या मंगळवारची तारीख. नाव त्यांच्या आजोबांचं होतं, अगदी पूर्ण.

आजोबांना जाऊन दोन वर्षं झाली होती. वीजकेंद्राच्या कोळसा आवारात त्यांनी तीस वर्षं काढली. शेवटी खोकला इतका वाढला की ते बसूनच झोपायचे. भिंगरीने पत्र तीनदा वाचलं. “आमचे आजोबा दोन वर्षांपूर्वीच गेले. मग हे कुणी लिहिलं?” तिने कारकुनाला विचारलं.

“त्याच नावाचं दुसरं कुणी असेल,” कारकून म्हणाला. “पत्ता बघ ना. घर क्रमांक एकेचाळीस.”

“आमचं चौदा आहे,” मुनी पुटपुटला.

“आणि एकेचाळीस म्हणजे पाण्याचं पंपघर,” दवंडी म्हणाली.

भिंगरीने त्या आकड्यावर बोट ठेवलं. “हा आकडा मी लिहिलाय.”

तीन वर्षांपूर्वी गावातल्या दवाखान्याच्या डॉक्टरबाईंनी भरवलेल्या तपासणी शिबिरात ती नावं लिहायला बसली होती. चौदाचे एकेचाळीस तिनेच केले होते. ‘मला पंपात राहायला पाठवलंस होय?’ म्हणून आजोबा आठवडाभर चिडवत होते. ती चूक फक्त शिबिराच्या वहीत होती. मग ती या पत्रात आली कशी?

तिघांनी फाईलमधली नावं उतरवून घेतली आणि थेट दवाखाना गाठला. डॉक्टरबाईंनी कपाटातून वही काढून ती यादीशी ताडून पाहिली. तीच नावं, त्याच क्रमाने. त्यांनी कंपाउंडरकाकांकडे पाहिलं.

काकांनी मान खाली घातली. “वीजकेंद्राचे प्रसिद्धी अधिकारी आले होते. सगळ्यांना कॅलेंडर पाठवायचंय म्हणाले. मी झेरॉक्स काढून दिली. कॅलेंडरच तर होतं, बाई.”

“आजारी माणसांनी विश्वासाने दिलेली नावं,” डॉक्टरबाई हळू आवाजात म्हणाल्या. मग त्यांनी वही मिटली.

“ती वही आम्हाला द्याल?” भिंगरीने विचारलं.

“नाही बाळा. ती कुणाच्या तरी हाती गेली, तिथेच चुकलं. सभेला मी स्वतः घेऊन येते.”

पुढचे दोन दिवस तिघं दारोदार हिंडली. एका निवृत्त पोस्टमनकाकांनी आपल्या नावाचं पत्र ऐकून चष्मा पुसला. “मला एवढं शुद्ध लिहिता येतं, हे आजच कळलं,” ते म्हणाले. एका घरात मात्र दार उघडणारी बाई आपल्या गेलेल्या मुलाचं नाव ऐकून तिथेच रडायला लागली. यादीत अशी नऊ माणसं निघाली, जी आता जगात नव्हती.

आणि यादीत दवंडीची आईही होती. ती वीजकेंद्रातच कोळसा वाहून नेणाऱ्या पट्ट्यावर कामाला होती. कामाची पाळी संपवून आलेली ती मोरीत हात घासत होती.

“माझंही पत्र?” तिने नळ बंद केला. “काम मला हवंच आहे गं. घर चालतं त्यावर. पण माझ्या तोंडी दुसऱ्याने शब्द का घालावेत?”

“आई, तू सभेत बोललीस तर तुझी नोकरी जाईल,” दवंडी म्हणाली. आईच्या पत्राची गोष्ट मात्र तिने गावात कुणालाही सांगितली नाही.

शनिवारी सभागृह भरलं. नगराध्यक्षाबाई ‘स्वच्छ हवा’ म्हणत निवडून आल्या होत्या. आज त्यांनी जाड फाईलवर हात ठेवला. “तीनशे बारा नागरिकांना हा संच हवाय. मी कशी अडवू?”

भिंगरी उठली. “बाई, त्यातलं एकशे सातवं पत्र मोठ्याने वाचाल का?”

पुढे बसलेले प्रसिद्धी अधिकारी हसले. “मुलांच्या खेळात सभेचा वेळ नको घालवायला.”

“एक पत्र वाचायला कितीसा वेळ लागतो?” म्हणत बाई वाचू लागल्या. नावापाशी येऊन त्या थांबल्या.

“यांच्या शोकसभेत मी बोलले होते,” त्या म्हणाल्या.

सभागृहातल्या सगळ्यांच्या माना अधिकाऱ्यांकडे वळल्या.

“दुसरे असतील ते,” अधिकारी घाईने म्हणाले. “पत्ता वेगळा आहे, एकेचाळीस.”

“ते आमचं पंपघर आहे,” बाई म्हणाल्या. “तिथे माणूस राहत नाही.”

पोस्टमनकाका उभे राहिले. “माझंही पत्र मी लिहिलेलं नाही.” मग त्यांच्या मागचे, त्यांच्या शेजारचे, एकेक करत अख्खी रांग उठली. डॉक्टरबाईंनी वही उघडून दाखवली आणि चूक आपल्या दवाखान्यातून झाल्याचंही सांगितलं. अधिकारी दाराकडे बघू लागले, पण दारातही माणसंच उभी होती.

नगराध्यक्षाबाईंनी फाईल मिटली. “यातलं एकही पत्र मी वाचलं नव्हतं,” त्या म्हणाल्या. “फक्त जाडी बघितली. हा प्रस्ताव आज रद्द. पोलिसांत तक्रार मी स्वतः करते.” मग त्या खाली उतरून तिघांपाशी आल्या. “वाचायचं काम माझं होतं. ते तुम्ही केलंत. शाबास.” आत्याने तिघांना एकदम जवळ ओढलं.

तेवढ्यात दवंडीची आई पुढे आली. “आता माझं खरं म्हणणं लिहून घ्या. तो कोळसा मी रोज हाताळते. तो पोरांच्या छातीत जातो, हे मला कळतं. दुसरा संच नको. आणि आधीचाही उद्या बंद करायचा असेल, तर आम्ही दोनशे जणांनी कुठलं काम करायचं, ते आजच ठरवायला घ्या.”

 बाईंनी भाषण केलं नाही. दोन खुर्च्या ओढल्या, एकीवर दवंडीच्या आईला बसवलं, दुसरीवर स्वतः बसल्या आणि पेनाचं टोपण काढलं.

“सावकाश सांगा,” त्या म्हणाल्या.