कडूबाई ऊर्फ वैष्णवी

धाराशिवच्या कोर्टाजवळ माझं नोटरीचं ऑफिस आहे. एक खोली, पुढं व्हरांडा, व्हरांड्यात धनाजी टायपिस्टचं टेबल. सही-शिक्क्याशिवाय मला काही खरं वाटत नाही, असं सगळं कोर्ट म्हणतं. म्हणू दे. हे घडलं तेव्हा मी शुद्धीत होते, एवढं ध्यानात ठेवा.

तेर गावाहून शिवकन्याबाई आल्या त्या लेकीला घेऊन. वैष्णवी नर्स झालेली, आयर्लंडच्या दवाखान्यात नोकरी पक्की. आपला कागद परदेशात खरा धरावा म्हणून सरकार त्याच्या मागं एक शिक्का चिकटवतं, त्याला अपॉस्टिल म्हणतात. बाई त्याला 'आपुष्टील' म्हणायच्या. पण नवरा गेल्यावर दोन म्हशींवर पोरीला शिकवलेलं, एकही कचेरी सोडली नव्हती. मी तर पहिल्याच दिवशी त्यांच्यावर खूश झाले.

घोडं अडलं होतं जन्मदाखल्यावर. त्यावर नाव होतं कडूबाई.

"आधीची तीन लेकरं पाळण्यातच गेली," त्या म्हणाल्या. "म्हणून हिला कडू म्हटलं. कडू म्हटल्यावर त्यानं तोंड लावलं न्हाय, सोडून गेलं. मग शाळंत घालताना वैष्णवी केलं."

"कोण सोडून गेलं?"

त्यांनी आपला पदर लेकीच्या डोक्यावर ओढला.

"जिल्ह्याची दोन नावं चालत्यात, मग माझ्या लेकीची का न्हाय?" म्हणून कचेरीत भांडूनही झालं होतं. शेवटी प्रतिज्ञापत्र करायचं ठरलं, की कडूबाई आणि वैष्णवी ही एकच व्यक्ती.

"मोठ्यानं वाचू नका, मॅडम," बाई म्हणाल्या. "त्याला कळंल. फसवलं म्हणून कळंल."

मला हसूच आलं. "अहो बाई, शपथेवरचा कागद वाचून दाखवावाच लागतो." आणि खणखणीत आवाजात वाचला.

व्हरांड्यातून हाक आली. "वैष्णवी!"

भर दुपार. आवाज मायेचा, घरच्या माणसाचा. पोरगी 'ओ' म्हणणार तोच शिवकन्याबाईंनी तिच्या तोंडावर हात दाबला. मी बाहेर जाऊन बघितलं. धनाजी डबा खात बसला होता.

"कोन न्हाय की मॅडम."

म्हटलं, असेल रस्त्यावरचं कुणी. धाराशिवात वैष्णव्या काय कमी आहेत?

मुंबईहून शिक्का लागून कागद आला, तो घ्यायला दोघी आल्या. पुन्हा हाक. या वेळी दारातून, आणि आवाज शिवकन्याबाईंचा. त्या तर माझ्यासमोर बसल्या होत्या, ओठ घट्ट मिटून. दारात कुणी नव्हतं. माझ्या अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू?

"आई, फाडून टाक तो कागद," पोरगी रडायला लागली. "मला न्हाय जायचं कुठं."

"गप! तू जायचं. इमान सुटंपर्यंत कुणाच्याबी हाकंला ओ द्यायची न्हाय. माझ्यासुदिक. बाकीचं मी बघते."

कागद त्यांनी पोरीच्या पिशवीत कोंबला. आवाज? जरासुद्धा हलला नाही. काय बाई म्हणायची! मी वकिली करते, पण असा ठामपणा कोर्टात बघितला नाही.

जायच्या दिवशी वैष्णवीला घेऊन तिचा मामा मुंबईला गेला. शिवकन्याबाई मात्र माझ्या ऑफिसात.

"तुम्ही का नाही गेलात?"

"फसवलं मी, म्हणून ते माझ्या मागंच फिरतंय. तिकडं कशाला न्यायचं? फोन लावून द्या, लेकीचं तोंड बघते."

व्हिडिओ कॉल लागला. विमानतळावर पोरगी हसत होती, डोळे रडून सुजलेले.

"जेवलीस का?" बाईंनी विचारलं.

तेवढ्यात माझ्या खुर्चीमागून आवाज आला. "वैष्णवी!"

हुबेहूब आईचा. फोनवर पोरीला वाटलं, आईच बोलली. तिनं तोंड उघडलं.

"ओ!"

शिवकन्याबाई तिच्याआधी ओरडल्या.

"ओ! मीच वैष्णवी. चल, आले."



बाई फोनवर वाकल्या. "नीट जा, कडू," म्हणाल्या. पदर सारखा केला आणि बाहेर पडल्या.

मी फोन हातात घेऊन दारात धावले. "शिवकन्याबाई!"

त्या वळल्या नाहीत. ताठ मानेनं पायऱ्या उतरत होत्या.

धनाजी तिकडंच बघत होता. "जुळ्या हायत का वो मॅडम त्या? लुगडीबी सारखीच."

मला एकटी बाईच दिसत होती.

"मॅडम, आई कुठं गेली?" फोनमधून पोरगी विचारत होती. "आत सोडायला लागलेत. आई कुठंय?"



"आई निघाली, बाळा," मी म्हणाले. "तूही निघ आता, कडूबाई."