खिशातले बिल्ले

डोंगरात तांबं आहे की नाही हे स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं आणि मगच उरलेली पुंजी गुंतवायची, म्हणून मी मेव्हण्याबरोबर त्या रानात गेलो होतो. कंपनी चिमुकली. एक डोंगर, एक ड्रिलिंग मशीन आणि भरपूर आशा! मी दातांचा डॉक्टर. निघताना बायको म्हणाली होती, "लोकांच्या दातातली पोकळी बरोबर दिसते तुम्हाला, माझ्या भावाच्या बोलण्यातली नाही दिसत."

डोंगराच्या पोटात कुणी तरी फार पूर्वी खणून सोडलेला बोगदा होता. कंपनीच्या भूशास्त्रज्ञ बाईंनी तोंडाशीच आम्हाला एकेक छोटा बिल्ला दिला. "आत शिरताना हा फळीवरच्या खिळ्याला अडकवायचा, बाहेर आलात की काढायचा. खिळा रिकामा म्हणजे आत कुणी नाही. मी वर जाऊन मशीन सुरू करून येते, तोवर इथेच थांबा."

त्यांची पाठ वळताच मेव्हणा म्हणाला, "भावजी, शेअर घेतलेत म्हणजे आपण मालक! मालकानं कसली हजेरी लावायची?" मलाही ते पटलं. बिल्ले खिशात घालून आम्ही आत घुसलो.

अरुंद, ओल्या वाटेच्या शेवटी, लाकडी टेकूशेजारच्या भिंतीवर बॅटरीच्या उजेडात तांब्याचा हिरवट पट्टा चमकला आणि मी हरखलो. बायकोला दाखवायला एक तुकडा हवाच! कोपऱ्यात गंजकी हातोडी पडली होती. एक घाव. दुसरा घाव. टेकू कलला!

"पळा!"

पळणार कुठे? मागचं छत धडाधड कोसळलं. धूळ. काळोख. वाट बंद!

आम्ही ओरडलो, दगड उपसले. एक काढावा तर वरून दोन यायचे. नखं फुटली. फोनला रेंज नव्हती. "बाई शोधतीलच," मी म्हणालो. मेव्हण्याने हळूच खिसा चाचपला आणि त्याचा चेहरा पडला. फळीवरचे खिळे रिकामे होते. बाईंच्या हिशेबी आम्ही रानात कुठे तरी भटकत होतो!

"ताईला काय तोंड दाखवू मी?" तो रडकुंडीला आला.

"आधी तोंड बाहेर तर काढ!" मी खेकसलो खरा. आपण इथेच मरणार, असं मला खरोखर वाटलं.

तेवढ्यात छतात घरघर सुरू झाली. ड्रिल! त्याच हिरव्या पट्ट्याच्या शोधात ते आमच्या डोक्यावर उतरत होतं. गढूळ पाणी गळू लागलं, चिखल घोट्याला लागला. एकाएकी आवाज पातळ झाला. हा आवाज माझ्या रोजच्या ओळखीचा. पोकळी लागली!

"मागे हो!"

छत फोडून, दगडाचा नमुना वर नेणारी ड्रिलची पोकळ नळी खाली आली, गरगरली, थांबली. असं झालं की मी काय करतो? अवजार बाहेर काढून बघतो. वरची माणसंही तेच करणार!

"तुझा बिल्ला दे!" रुमालात गुंडाळून दोन्ही बिल्ले मी नळीच्या तोंडात घट्ट कोंबले. नळी हलली. वर सरकली. गेली!

किती वेळ गेला कोण जाणे. मग भोकातून बाईंचा आवाज आला, "किती जण आहात?"

"दोघं! दोन गाढवं!"

ढिगारा उपसून त्यांनी आम्हाला बाहेर काढलं तेव्हा मी बाईंसमोर चक्क रडलो.

"तांबं येईल म्हणून नळी उघडली," त्या म्हणाल्या, "तर आमचेच बिल्ले! आणि खरं सांगते, तांब्याची मुख्य शीर होती तिथेच बोगदा निघाला. जुन्या लोकांनी ती केव्हाच खणून नेली. तुम्ही बघितलात तो नुसता कडेचा पापुद्रा."

मेव्हणा नव्या भोकाची जागा विचारू लागला. मी त्याचा कान धरून त्याला जीपमध्ये बसवलं.

घरी बायकोने विचारलं, "मग? काय सापडलं?"

"पोकळी," मी म्हणालो.

ती भावाकडे वळणार, तोच तिला माझी फुटलेली नखं दिसली. माझे दोन्ही हात तिने आपल्या हातांत घेतले.