चिचटोल्याहून आलेलं उत्तर

ही गोष्ट खरी आहे. ज्यांना खोटी वाटेल त्यांनी खुशाल खोटी समजावी, फक्त मला समजवायला येऊ नये.

माझ्या मामेबहिणीच्या, समीक्षाच्या डोळ्यांसमोर घडलेली आहे. साल दोन हजार बारा. गोंदिया जिल्ह्यातल्या गोरेगावच्या पुढचा एक तलाव. धान पोटरीत आलेला, लोंबी फुटायच्या बेतात.

आणि रात्रबित्र काही नव्हती. भर दुपार होती. लोकांची जेवणं नुकतीच झाली होती.

आधी हिमांशु सांगायला हवा.

गोंदियात मोबाइलच्या दुकानावर एक खोली, खोलीत काही खुर्च्या आणि दारावर 'सोल्युशन्स' अशी पाटी. हा त्या पाटीचा मालक. समीक्षा दवनीवाड्याहून रोज बसने येऊन त्याच्याकडे प्रोग्रामिंग करायची. काम ती करायची, टाय तो घालायचा. गावच्या माणसाशी बोलताना समोरचा बहिरा असल्यासारखा ओरडून बोलायचा.

त्याने तलावाच्या पाणी वापर संस्थेला एक सिस्टिम विकली. संस्थेचे अध्यक्ष मनिराम. यांना कॉम्प्युटरमधलं एवढंच कळत होतं की त्याच्या शेजारी उभं राहिलं की फोटो चांगला येतो.

काम साधं होतं. तलावाचं गेट उघडलं की पाणी नहरातून खाली गावोगाव जातं. नहर कोरडा असतो तेव्हा त्यात लोक गवत कापतात, शेळ्या चारतात. म्हणून गेट उघडायच्या आधी संस्थेचा सेवकराम सायकलने नहर बघून यायचा.

आता सायकल गेली आणि गावोगाव कॉम्प्युटर आले.

गावच्या कॉम्प्युटरने एकदाच संस्थेच्या सर्व्हरला आपला पत्ता द्यायचा आणि वाट पाहायची. वेळ आली की सर्व्हरच त्याला हाक मारणार. घंटी वाजणार. तिथला माणूस नहर बघून दोनपैकी एक बटण दाबणार. 'मोकळं' किंवा 'थांबा'. सगळ्या गावांचं 'मोकळं' आलं की गेट उघडायचं.

"तुम मत पूछो, हम बुलाएंगे," हिमांशु म्हणायचा आणि स्वतःच हसायचा.

सगळ्यात शेवटचं गाव चिचटोला. तिथला कॉम्प्युटर रामलालच्या पडवीत होता. रामलाल नहरातला गाळ काढायचा. बायको अनुसयाबाई पडवीत सूप घेऊन बसायची. घंटी वाजली की ती नहराच्या काठावर जायची आणि हाक मारायची.

"आवो, या वर. पानी येऊन राहिलं."

तो वर आला की मगच ती बटण दाबायची.

उद्घाटनाच्या दिवशी चिचटोल्याची लाइन बंद पडली. उत्तर येईना. पाहुणे उन्हात ताटकळले, मनिरामच्या गळ्यातला हार सुकला. हिमांशुची पार शोभा झाली.

दुसऱ्याच दिवशी त्याने प्रोग्राममध्ये एक ओळ घातली. थोडा वेळ उत्तर नाही आलं, तर सर्व्हरनेच त्या गावाच्या नावावर 'मोकळं' लिहून टाकायचं.

समीक्षाने पाहिलं. "सर, खाली कोणी असलं तर?"

"अरे, उस गाँव में है कौन? दो बकरी और एक बुड्ढा."

तो बुड्ढा नहराच्या रस्त्याखालच्या मोठ्या नळीत वाकून गाळ काढत होता, त्या दिवशी परत लाइन गेली.

घंटी वाजलीच नाही. घंटी नाही, म्हणून हाक नाही.

सर्व्हरने थोडी वाट पाहिली, चिचटोल्याच्या नावावर 'मोकळं' लिहिलं आणि इकडे गेट उघडलं गेलं.

रामलाल त्याच नळीत सापडला.

मग संस्थेत सभा भरली. स्क्रीनवर चिचटोल्याचं 'मोकळं' सगळ्यांनी पाहिलं. ते दाबणारी एकच बाई.

"मीनं दाबलंच नाही जी," अनुसयाबाई म्हणाली. "घंटीच नाही वाजली."

"आंटी, मशीन झूठ नहीं बोलती," हिमांशु म्हणाला. वर तिच्यासाठी पाण्याचा ग्लास मागवला. इतका निर्लज्ज माणूस मी दुसरा पाहिला नाही.

बाईने नवऱ्यावर पाणी सोडलं, असं गावभर झालं. धान रोवण्याच्या सोबतिणींनी बोलणं सोडलं. सख्खी लेक माहेरी येईना.

समीक्षा गप्प राहिली. नोकरी जाईल म्हणून. मला तिचाही राग आला होता, तो मी तिला तोंडावर सांगितला आहे.

हिमांशुने ती ओळ हळूच काढून टाकली. चिचटोल्याचं नाव यादीतून उडवलं. तिथला कॉम्प्युटर आणून संस्थेच्या हॉलमध्ये कोपऱ्यात, बारदान्याखाली ठेवला.

आणि मग ती दुपार आली.

पाण्याची पाळी होती. हॉल भरला होता. अनुसयाबाई दाराबाहेर एकटी बसली होती, कारण धान तिचाही होता आणि आत तिला कोणी जागा देत नव्हतं.

हिमांशुने सर्व्हरवरून गावांना हाक दिली. एकेक उत्तर आलं. मोकळं. मोकळं.

सेवकराम गेटकडे जायला उठला.

तेवढ्यात... घंटी वाजली.

कोपऱ्यातून. बारदान्याखालून.

"कोनाचा मोबाइल आहे?" मनिराम म्हणाले.

कोणाचाच नव्हता.

स्क्रीनवर यादीच्या खाली एक नाव आलं होतं... चिचटोला. आणि पुढे... थांबा.

सेवकरामने बारदाना उचलला. कॉम्प्युटर काळाठिक्कर होता. वायर फरशीवर सुटी पडली होती.

हिमांशुने सर्व्हर बंद करून चालू केला. परत हाक दिली.

परत घंटी. परत... थांबा.

सेवकराम मोटारसायकलने चिचटोल्यापर्यंत जाऊन आला. "नहरात चिटपाखरू नाही जी. नळीतही बॅटरी मारून पायलो."

परत हाक दिली... थांबा.

लोक उठायला लागले. मनिराम पुजाऱ्याला फोन लावू लागले. ज्यांनी विधवेला दाराबाहेर बसवलं, त्यांची आता चप्पल सापडेना.

हिमांशुचा पारा चढला. "गँवार लोग! भूत-वूत कुछ नहीं होता. जवाब आने के लिए वहाँ आदमी होना ज़रूरी नहीं. पहले भी तो सर्वर खुद ही 'मोकळं' लिख देता था!"

चप्पल शोधणारे जागीच थांबले.

आपण काय बोललो, हे त्याला सगळ्यांत शेवटी कळलं.

"हो," समीक्षा म्हणाली. "ती ओळ मी वाचली होती. अनुसयामावशीनं काही दाबलं नव्हतं."

मग तिच्या लक्षात आलं. ती ओळ फक्त 'मोकळं' लिहायची. स्वतःहून 'थांबा' लिहायला सर्व्हरला कोणी कधी शिकवलंच नव्हतं.

अनुसयाबाई दारात उभी होती. रडली नाही. एवढंच म्हणाली, "पोरी, मले नहरावर घेऊन चाल."

समीक्षाने तिला स्कूटीवर बसवलं.

चिचटोल्याच्या नळीपाशी पोचल्या तेव्हा वारा पडला होता. धानात नेहमी बगळे असतात. एकही नव्हता.

अनुसयाबाई काठावर गेली. पदर नीट घेतला आणि रोजच्यासारखी हाक मारली.

"आवो, या वर. पानी येऊन राहिलं."

काहीच नाही.

मग... चप.

कोरड्या नहरात ओलं पाऊल पडल्याचा आवाज. चप... चप... नळीकडून काठाकडे. उतारावरचे खडे घरंगळले. आवाज वर आला, दोघींच्या अगदी जवळ... आणि थांबला.

समीक्षाचा फोन वाजला. सेवकराम होता.

"आलं," तो म्हणाला. "चिचटोला... मोकळं. सोडू का पानी?"

अनुसयाबाईने मान हलवली.

या सगळ्याचं पुढे काहीही झालं नाही. चौकशी नाही, माफी नाही. ज्यांनी बोलणं सोडलं होतं त्या सोबतिणी दुसऱ्या दिवशी भाजी घेऊन आल्या, जणू मधले दिवस झालेच नाहीत. मनिराम सांगतात, त्यांना पहिल्यापासूनच शंका होती. सेवकरामची सायकल परत निघाली.

हिमांशु आता रायपूरला असतो. तीच सिस्टिम दुसऱ्या नावाने विकतो. जाहिरातीत लिहितो, प्रत्येक ठिकाणाहून हमखास उत्तर. ती ओळ परत घातली असणार, समीक्षा सांगते. त्या माणसाला दुसरं काही येतच नाही. कुठे कोण खाली वाकून काम करत असेल, कोणास ठाऊक.

पण तिला खरी धडकी भरते ती परतीच्या रस्त्याची आठवण आली की. अनुसयाबाई मागे बसली होती. समीक्षाला तिथून कधी एकदा निघते असं झालं होतं, म्हणून तिने स्कूटी जोरात काढली.

तेव्हा खांद्यावर हात आला.

"हळू चालव पोरी," अनुसयाबाई म्हणाली. "थे आपल्या मांगून पायीच येऊन राहिले."

समीक्षाने आरशात पाहिलं नाही. हळू मात्र चालवली, पार अनुसयाबाईच्या घरापर्यंत.