कापडी तळाचा खण

दातांच्या डॉक्टरांकडे महिन्यातून दोन पेशंट येत, आणि त्यांतला एक पत्ता चुकलेला असे. म्हणून दवाखान्याची बाहेरची खोली त्यांनी वहिनींना वापरायला दिली होती. वहिनी खाजगी गुप्तहेर होत्या आणि त्यांच्याकडे रांग लागे. तरीही त्या सकाळी एक बाई आत शिरताच डॉक्टर मोठ्या आशेनं म्हणाले, "आ करा."

बाईनं आ केला आणि तशीच म्हणाली, "माझ्यावर चोरीचा आळ आलाय."

"भाऊजी, या माझ्याकडे आल्यात," वहिनी म्हणाल्या. "बोला."

बाई एका घड्याळजींची मुलगी होती. स्वतःही घड्याळं दुरुस्त करणारी. वडिलांकडे एक जुनं खिशातलं घड्याळ आलं होतं. त्याच्या आतल्या चाकाला टेकण म्हणून मोहरीएवढा हिरा बसवलेला होता. काल दुपारी तो नाहीसा झाला.

"बाबा म्हणतात, मेजावर घड्याळ उघडं ठेवून मी जेवायला गेलो, परत येतो तर हिरा गायब. खाचेवर ओरखडासुद्धा नाही. घरात बाबा, मी आणि माझा नवरा. त्यांत इतकं सफाईचं काम दोघांनाच जमतं. एक बाबा."

"आणि दुसरं कोण?" डॉक्टरांनी विचारलं.

दोघींनी त्यांच्याकडे पाहिलं. डॉक्टरांनी उगाच टेबल पुसलं.

"बाबांनी माझं नाव घेतलं नाही. फक्त म्हणाले, आजपासून माझ्या मेजाला कुणी हात लावायचा नाही. पुढच्या महिन्यापासून त्या मेजावर मी बसणार होते. वीस वर्षं माडीवर, कोपऱ्यातल्या लहान टेबलाशी बसून वाट बघतेय."

"एखादं नवीन मेज घ्या की," डॉक्टर म्हणाले.

नवीन वडील घ्या म्हटल्यासारखं तिनं त्यांच्याकडे पाहिलं.

घड्याळजींचं दुकान घराच्याच पुढच्या खोलीत होतं. तिथलं ते मेज पाहिल्यावर डॉक्टरांना आपलं बोलणं मागे घ्यावंसं वाटलं. लाकूड नव्वद वर्षांचं. उंची छातीपर्यंत, म्हणजे बसल्यावर कोपरं टेकतात आणि काम डोळ्यांसमोर येतं. तीन बाजूंना बोटभर कठडा, घरंगळलेला स्क्रू तिथेच अडावा म्हणून. काम थरथरू नये म्हणून पाय जमिनीला बोल्टनं आवळलेले. आणि पुढच्या बाजूला एक रुंद खण, त्याला तळ लाकडाचा नव्हे, कापडाचा. बसलं की तो मांडीवर ओढून घ्यायचा. हातातून काही सुटलं तर अलगद कापडात पडतं.

"या मेजावरून आजवर एक कण जमिनीवर गेलेला नाही," घड्याळजी म्हणाले. त्यांची मान ताठ होती. "लहानपणी हिनं एकदा खण न ओढता घड्याळ उघडलं होतं. आठ दिवस बोललो नाही मी हिच्याशी."

"नऊ," मुलगी म्हणाली.

"भाऊजी, बसा बरं जरा," वहिनी म्हणाल्या.

डॉक्टर स्टुलावर चढले आणि खण ओढू लागले. तो अडला. दोन हिसके दिल्यावर करकरत बाहेर आला. आत या टोकापासून त्या टोकापर्यंत जाळं होतं. मधोमध कोळी होता, आणि कडेला दोन माश्या. म्हणजे याच्याकडेही महिन्याला दोनच, डॉक्टरांच्या मनात आलं.

वहिनींनी कोळ्याकडे एकदाच पाहिलं. मग त्या खिडकीबाहेर पाहत राहिल्या. तीन हातांवर नव्या इमारतीची भिंत उभी होती.

"जावई कुठे आहेत?"

जावई स्वयंपाकघरात होता. शाळेत व्यायाम शिकवायचा. खोलीत लख्ख ऊन होतं आणि तो ताठ बसून जेवत होता, कारण दुसरा इलाज नव्हता. टेबलाच्या चारही पायांखाली लाकडी ठोकळे होते आणि ताट त्याच्या हनुवटीला लागत होतं.

"हे असं का?" डॉक्टरांनी विचारलं.

"बाबांनी केलंय, महिना झाला. पाठीला चांगलं म्हणे. घरजावयानं ताटाच्या उंचीबद्दल बोलायचं नसतं." त्यानं गाल धरला. "ते मेजाचं जुनं धूड गेलं तर तिथे माझं पळायचं यंत्र बसेल, हे खरंय. पण हिरा मी कशाला घेऊ? मी आपल्याच दुखण्यात आहे. काल रात्री मीठ लावून काकडी खाल्ली, कचकन खडा लागला. तेव्हापासून दाढ ठणकतेय."

डॉक्टरांचे डोळे चमकले.

"भाऊजी, जरा दम धरा," वहिनी म्हणाल्या. "सगळ्यांना इथे बोलवा."

सगळे त्या उंच टेबलाभोवती जमले. दुरून पाहिलं असतं तर चार मुंडकी मांडून ठेवल्यासारखी दिसली असती. वहिनी तेवढ्या उभ्या होत्या.

"हिरा मेजावरून गेला नाही, कारण घड्याळ मेजावर उघडलंच नव्हतं. या घरात खण ओढल्याशिवाय कुणी घड्याळ उघडत नाही. आणि खणात कोळ्यानं बिऱ्हाड थाटलंय. म्हणजे कित्येक दिवस त्या मेजावर कुणीही काम केलेलं नाही. मुलीनं नाही, आणि बाबा, तुम्हीही नाही."

घड्याळजींची ताठ मान टेबलाआड किंचित खाली गेली.

"समोर इमारत आली, खिडकीतला उजेड गेला. मेज हलवायचं तर बोल्ट काढायला हवेत, आणि ते तुमच्या जिवावर आलं. उजेड या खोलीत. पण जेवायचं टेबल ठेंगणं, कोपरं टेकेनात. म्हणून ठोकळे. पाठीबिठीचं काही नाही."

"मग दिवा लावायचा!" डॉक्टर म्हणाले.

"दिव्याखाली लोक सेल बदलतात," घड्याळजी पुटपुटले. "काम उजेडात होतं."

"उजेड होता, पण कठडा नव्हता आणि कापडही नव्हतं. काल दुपारी चिमट्यातून हिरा सुटला. तुम्ही जमीन शोधलीत. शेजारच्या मिठाच्या उघड्या भांड्यात नाही बघितलंत." वहिनी वळल्या. "भाऊजी, आता पेशंट तुमचा."

"आ करा," डॉक्टर म्हणाले, आणि त्यांचा आवाज भरून आला.

घड्याळजींच्याच चिमट्यानं चार मिनिटांत काम झालं. दाढेच्या खड्ड्यातून निघालेला हिरा बशीत टिणकन वाजला.

"बाबा," मुलगी सावकाश म्हणाली, "तुम्ही चोरी म्हणालात."

"खण नसताना काम केलं, हे तुला कोणत्या तोंडानं सांगणार होतो? आळ तुझ्यावर जाईल हे नंतर लक्षात आलं. तेव्हाच बोलायला हवं होतं. नाही बोललो. चुकलं माझं."

तिनं हात पुढे केला. "पाना द्या."

"कशाला?"

"बोल्ट काढायला. मेज इथे उजेडात येणार, आणि हे टेबल तिकडे दुकानात."

घड्याळजी पाना आणायला गेले. पहिला बोल्ट तिनं काढला. उरलेले तीन त्यांनी स्वतः काढले.

हिरा तिनं त्याच दुपारी बसवला, मांडीवर खण ओढून. घड्याळजी तिचं लहान टेबल शेजारी आणून त्याशी बसले आणि तिनं मागितलं तेवढंच देत राहिले.

जावई आता दुकानाच्या दर्शनी भागात, रस्त्याकडे तोंड करून जेवतो. पहिल्याच दिवशी दोन गिऱ्हाइकांनी त्याला दुरुस्तीला किती दिवस लागतील असं विचारलं. डॉक्टरांनी दाढ भरल्यामुळे तोंड सुन्न होतं, म्हणून त्यानं बोटांनी तीन दाखवले.