फेरीबोटीचं निळं ग्रीस

"गाडी रुतली का?"

धुक्यातून आधी आवाज आला, मग पिवळा रेनकोट, आणि मग त्यातला माणूस.

"नाही," सिसेल म्हणाली.

"मग भरतीच्या वेळेला इथं किनाऱ्यावर कशाला थांबलात?"

"हँडल अडतंय. अगदी मधोमध. सरळ जायला लागलं की खाचेत बसल्यासारखं होतं..." तिने मोटरसायकलच्या रिकाम्या साइडकारकडे बघितलं. "यात माझी मुलगी बसणार आहे. म्हणून आधी एकटीच चालवून बघत होते."

त्याने दोन बोटांनी हँडल हळूच इकडेतिकडे फिरवलं, नाडी बघावी तसं, डोळे मिटून. सिसेलच्या ते लक्षात आलं. दुसरा कुणी असता तर आधी जोर लावला असता.

"मी अस्गर. फेरीबोटीच्या इंजिनवर असतो."

तिला ठाऊक होतं. फानो बेटावर सगळ्यांनाच ठाऊक होतं. दोन वर्षांपूर्वी तिच्या नवऱ्याचं, टोर्किलचं, हृदय अचानक थांबलं, आणि त्याच्या जागी हा आला. बेट अजूनही त्याला 'नवा' म्हणत होतं. सिसेल रोज त्याच फेरीने पलीकडच्या एस्बियर्गला शिकवायला जायची. पण इंजिनच्या खोलीकडे मान न वळवता, थेट जिना चढून वर.

"मी सिसेल..."

"माहीत आहे," तो हळूच म्हणाला. 

त्याने गाडी ढकलत तिच्या शेडपर्यंत आणली. वाटेत तिने सांगून टाकलं. टोर्किलने लेकीला शब्द दिला होता — लिव पाच वर्षांची झाली की संक्ट हान्सच्या, म्हणजे जूनमधल्या उन्हाळी सणाच्या, संध्याकाळी, किनाऱ्यावर शेकोट्या पेटल्या की, साइडकारमधून फिरवीन. लिव पाच वर्षांची झाली होती. संक्ट हान्स शनिवारी होता.

"गाडीचा भरवसा नसेल तर मी तिला बसवणार नाही," सिसेल म्हणाली. "आणि नाही बसवलं, तर बापाने दिलेला शब्द..."

"बघू या," अस्गर म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो हत्यारं घेऊन आला. सिसेल बाकावर बसून त्याच्या हातांकडे बघत राहिली.

"तुम्ही असं बघताय, जणू मी ऑपरेशन करतोय."

"करताच आहात. आत कात्री विसरू नका म्हणजे झालं."

तो हसला. हसताना त्याचा डावा गाल थोडा जास्त वर जायचा... तिने नजर पटकन नटांकडे वळवली.

पुढचं चाक सुटलं, हँडलखालचं बेअरिंग त्याच्या तळहातावर आलं, आणि त्याचं हसू मावळलं. त्यातलं ग्रीस नासलेल्या दुधासारखं पाणचट झालं होतं. आतले छोटे रोलर गंजले होते. कड्यात खाचा पडल्या होत्या.

"जुनं झालंय. बदलू," म्हणत त्याने ते घाईने चिंधीखाली सरकवलं.

पण पापण्यांवरून लेकीचा ताप ओळखणाऱ्या बाईपासून ते कसं लपणार?

"काय लपवलंत?"

"काही नाही."

"हे बघा, टोर्किल गेल्यापासून सगळे माझ्याशी असंच बोलतात. हळू, गोड. त्याचं म्हणे कधी काही चुकलंच नाही. अहो, त्याला धड अंडं उकडता येत नव्हतं! आता मलाच कळेनासं झालंय, माझं लग्न माणसाशी झालं होतं की पुतळ्याशी... तुम्ही तरी खरं सांगा."

अस्गरने चिंधी बाजूला केली.

"यात दोन ग्रीस आहेत. एक कारखान्यात भरलेलं. त्याच्यावर हे निळं, फेरीच्या रॅम्पच्या बिजागऱ्यांना लावतो ते. या दोघांचं एकमेकांशी जमत नाही. एकत्र आले की पातळ होतात, वाहून जातात. बेअरिंग कोरडं पडतं, मग खारं पाणी आत शिरतं."

"म्हणजे टोर्किल चुकला."

"...हो. चुकला."

सिसेल हसली. हसता हसता तिने तोंडावर ओढणीसारखा स्कार्फ दाबून धरला, आणि तो ओला होत गेला. दोन वर्षांत पहिल्यांदा टोर्किल तिच्या डोळ्यांसमोर नीट उभा राहिला — शीळ घालत आलेला, घाईत असलेला, कोटाच्या खिशात बोटीवरच्या ग्रीसचा डबा. 'अख्ख्या बेटावर असलं ग्रीस नाही, सिसेल!'

अस्गर खाली मान घालून पाना पुसत राहिला. तिला सावरायला वेळ देत होता.

"मग आता कोणतं घालायचं?" तिने नाक पुसत विचारलं.

बाकावर तीन डबे होते. "हे पिवळं साध्या रस्त्याला ठीक, पण आपल्या किनाऱ्यावर धुऊन जाईल. हे काळं दाब सोसतं, पाण्यापुढे तितकं टिकत नाही." त्याने तिसरा डबा उघडला. "हे."

निळं.

"पण हे तर त्याचंच..."

"निवड बरोबर होती त्यांची. खाऱ्या पाण्यात हेच टिकतं. फक्त आधीचं पुसायचं राहिलं." त्याने रॉकेलात भिजवलेली चिंधी पुढे केली. "हँडलखालच्या नळीतलं जुनं तुम्ही पुसा. त्यांच्या हातचं आहे. मी पुसणं... बरं नाही दिसत."

तिने पुसलं. चिंधी कोरी निघेपर्यंत, अगदी सावकाश. मग मान वर न करता म्हणाली, "अस्गर, मी त्याला विसरणार नाही."

"विसरा म्हणतंय कोण? रोज त्यांच्याच इंजिनपाशी उभा असतो मी. प्रत्येक नळावर त्यांनी रंगाच्या खुणा केल्यात. त्यांतली एकही मी खोडलेली नाही." तो थांबला. "पण जिन्यावर तुमची पावलं वाजली की मला कळतं... रोज वर जाता. एकदा खाली या ना."

पत्र्यावर पावसाची भुरभुर सुरू झाली होती.  सिसेलने निळ्या ग्रीसमध्ये बोटं बुडवली आणि नव्या बेअरिंगच्या रोलरांमध्ये ते दाबून भरू लागली. दुसऱ्या बाजूने तो भरत होता. बोटं मध्ये कुठेतरी भेटली... कुणीच मागे घेतली नाहीत.

सगळं बसवल्यावर त्याने पुढचं चाक उचलून धरलं. सिसेलने हँडलला नुसता स्पर्श केला. ते अलगद एका बाजूला कललं. तिने पुन्हा पुन्हा करून पाहिलं. मधोमध कुठेच अडलं नाही.

शनिवारी शेकोट्या पेटल्या. दोन उशांमध्ये खोचलेली लिव मोठ्ठं हेल्मेट सावरत ओरडत होती, "आई, बाबा असंच चालवायचे?"

"छे गं! बाबा वेडंवाकडं चालवायचे!"

लिव खदखदून हसली. वळसा घेऊन परतताना सिसेलला तो दिसला, गर्दीपासून जरा लांब उभा. अख्खं बेट बघत होतं. तिने गाडी नेमकी त्याच्यापुढे थांबवली.

"मागची सीट रिकामी आहे."

"आणि चालवणार कोण?"

"मी. घाबरतोस?"

'तुम्ही' कुठे गळून पडलं, तिचं तिलाही कळलं नाही. त्याला मात्र कळलं. डावा गाल हळूहळू वर गेला.

"घाबरतो ना," तो म्हणाला. "पण तू चालव."

तो मागे बसला, आणि हात कुठे ठेवावेत ते त्याला कळेना. सिसेलने ते ओढून स्वतःच्या कमरेभोवती घेतले. शेकोटीच्या उजेडात तिला दिसलं — त्याच्या नखांत अजून निळं ग्रीस होतं. तिच्याही.